सॉकरच्या मैदानातून एनएफएलपर्यंत: प्लेसकिकर होऊ पाहणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी घरांतल्या पुष्कळ मुलांच्या पायात पाचव्या-सहाव्या वर्षापासून सॉकरचा चेंडू असतो, आणि हायस्कूलात गेल्यावर एखाद्या दुपारी अमेरिकन फुटबॉलचा प्रशिक्षक त्यांतल्याच एकाला गाठून विचारतो, “आमच्यासाठी किक मारशील का?” न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमच्या घरी हा प्रश्न आला तेव्हा मुलगा नववीत होता. हेल्मेट, खांद्यावरचे पॅड आणि अंगावर धावून येणारी धिप्पाड मुले एवढेच आम्हाला त्या खेळाबद्दल ठाऊक होते. पुढची काही वर्षे मी मैदानावर गुडघा टेकून त्याच्यासाठी चेंडू धरला, खांबांमागून चेंडू वेचून आणले आणि या पेशाबद्दल मिळेल तिथून शिकत गेलो. ज्या मुलाला हा मार्ग खरोखर चालायचा आहे त्याच्यासाठी आणि त्याच्या आईवडिलांसाठी हे लिहीत आहे.

सर्वांत आधी एक आकडा मनात ठेवावा. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि प्रत्येक संघात जमिनीवर धरलेल्या चेंडूला किक मारणारा खेळाडू (प्लेसकिकर) साधारणपणे एकच असतो, म्हणजे त्या पातळीवर या कामाच्या जागा ३२. एकदा बसलेला चांगला किकर पंधरा-वीस वर्षेही टिकतो. डेन्मार्कमध्ये वाढलेले मॉर्टन अँडरसन २५ हंगाम खेळले आणि ४७ वर्षांचे होईपर्यंत किक मारत होते. त्यामुळे जागा फार क्वचित रिकामी होते, आणि होते तीसुद्धा अचानक, कुणाची तरी मांडी दुखावल्यामुळे किंवा कुणाचे तरी लागोपाठ तीन नेम चुकल्यामुळे. ती जागा रिकामी होईल त्या आठवड्यात आपली किक आदल्या आठवड्यासारखीच बसली पाहिजे. माझ्या मते या पेशाची सगळी तयारी ही त्या एका गोष्टीची तयारी आहे. पायातले बळ लागतेच, पण बळ असलेली मुले ढिगाने सापडतात. तीच हालचाल थंडीत, पावसात, दुखऱ्या कमरेने आणि साठ हजार माणसांसमोर जशीच्या तशी करणारा खेळाडू दुर्मीळ असतो.

काम नेमके काय आहे

किकरला तीन प्रकारच्या किक माराव्या लागतात. टचडाउननंतरचा (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेल्यानंतरचा) एक्स्ट्रा पॉइंट एका गुणाचा असतो, फील्ड गोल (खेळ चालू असताना चेंडू दोन खांबांमधून, आडव्या दांडीवरून मारणे) तीन गुणांचा असतो आणि किकऑफने खेळ पुन्हा सुरू होतो. फील्ड गोलचे अंतर मोजताना नवख्या पालकांचा गोंधळ होतो. चेंडू ज्या रेषेवर आहे तिथून गोलरेषेपर्यंतचे यार्ड घ्यावेत, त्यात एंड झोनचे (गोलरेषेमागच्या पट्ट्याचे) १० मिळवावेत, कारण खांब एंड झोनच्या मागच्या टोकाला असतात, आणि चेंडू मागे फेकून धरला जातो ते ७ किंवा ८ यार्डही मिळवावेत. म्हणजे चेंडू ३० यार्डांच्या रेषेवर असेल तर किक ४७ किंवा ४८ यार्डांची होते. एनएफएलमध्ये ती चुकली तर प्रतिस्पर्ध्याला चेंडू किक मारलेल्या जागेवरून मिळतो. म्हणून ५५ यार्डांवरून प्रयत्न करायला सांगणारा प्रशिक्षक किकरवर फार मोठा विश्वास टाकत असतो.

एक्स्ट्रा पॉइंटही आता गृहीत धरता येत नाही. २०१५ मध्ये एनएफएलने त्याची रेषा मागे १५ यार्डांवर नेली आणि तो ३३ यार्डांचा झाला. किकऑफचे स्वरूप २०२४ मध्ये बदलले. पूर्वी चेंडू जोरात एंड झोनमध्ये घातला की काम भागत असे. आता तो गोलरेषा आणि २० यार्डांची रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात पाडण्याला मोल आले आहे. त्यामुळे किकऑफचा सरावही ठरलेल्या जागेवर चेंडू टाकण्यासाठी करावा.

पाया घडवताना

सॉकरमधून आलेल्या मुलाची मुख्य हालचाल तयार असते, हा त्याचा मोठा फायदा आहे. १९६४ पर्यंत व्यावसायिक फुटबॉलमध्ये किकर समोरून सरळ धावत येऊन बुटाच्या पुढच्या टोकाने चेंडू मारत. त्या वर्षी हंगेरीत जन्मलेले, कॉर्नेल विद्यापीठात शिकलेले पीट गोगोलाक बफेलो बिल्स संघाकडून खेळले आणि त्यांनी तिरके येऊन पायाच्या वरच्या भागाने किक मारली. या पद्धतीत चेंडूला पावलाचा जास्त रुंद आणि कठीण भाग लागतो आणि कंबर फिरल्यामुळे पायाला वेग मिळतो. जुन्या सरळ पद्धतीचे शेवटचे किकर मार्क मोझली १९८६ नंतर दिसले नाहीत, आणि आज सगळेच तिरके येतात.

तरीही सॉकरमधल्या काही सवयी मोडाव्या लागतात. सॉकरमध्ये चेंडू वळवायला शिकवतात. इथे तो न वळता, टोकावर टोक फिरत सरळ गेला पाहिजे. सॉकरमध्ये धाव लांब असते. इथे ती मोजून घ्यायची असते. बहुतेक किकर चेंडूच्या जागेपासून सरळ मागे तीन पावले जातात आणि मग बाजूला दोन. उजव्या पायाचा खेळाडू डावीकडे सरकतो. ही पावले मोजल्यावर उभे राहण्याची जागा दर वेळी तीच येते का, हे जमिनीवर खडूने किंवा रंगीत फितीने खूण करून तपासावे. आमच्या मुलाच्या बाबतीत पहिल्या महिन्यात त्या खुणा जवळजवळ हातभर इकडेतिकडे पडत होत्या, आणि त्याचे चेंडू डावीकडे का जातात याचे उत्तर तिथेच सापडले.

त्यानंतर रोवायचा पाय. तो चेंडूच्या बाजूला, साधारण फूटभर अंतरावर, बोटे लक्ष्याकडे करून पडला पाहिजे. तो फार मागे पडला तर किक बुटाच्या टोकाजवळ बसते आणि चेंडू बुटका उडतो. फार जवळ पडला तर कंबर अडते आणि पाय आडवा फिरतो. किक मारणाऱ्या पायाचा घोटा ताठ ठेवून बोटे खाली दाबलेली असावीत, आणि बुटाच्या लेसखालचे पावलाचे हाड चेंडूच्या पोटाच्या किंचित खाली लागावे. नीट बसलेल्या किकेचा आवाज वेगळा येतो, टणक आणि आखूड. थोड्या दिवसांनी खेळाडूला आणि चेंडू धरणाऱ्यालाही तो आवाज ओळखता येतो आणि चेंडू कुठे गेला हे न बघताच कळते. तोपर्यंत मान खालीच असावी. चेंडू कुठे जातो ते बघायला मान वर काढणे हा नवशिक्यांचा सर्वांत हट्टी दोष आहे, कारण मान वर आली की छाती उघडते आणि पाय चेंडूपासून ओढला जातो.

किक मारल्यानंतरही शरीर लक्ष्याच्या दिशेनेच पुढे जायला हवे. फार जोरात मारू पाहणारी मुले चेंडूभोवती गोल फिरतात. त्यांना अर्ध्या ताकदीने २५ यार्डांवरून शंभर चेंडू सरळ मारायला लावावेत, अर्थात ते अनेक दिवसांत वाटून.

हे वाटून मारणे मी आमच्या चुकीतून शिकलो. पहिल्या उन्हाळ्यात उत्साहाच्या भरात तो रोज सत्तर-ऐंशी किक मारत असे आणि मी कौतुकाने चेंडू मांडत असे. ऑगस्टमध्ये त्याची जांघ भरली, आणि हंगामाचे पहिले पाच आठवडे त्याने बाकावर बसून काढले. मांडीचा पुढचा स्नायू, जांघ आणि कंबर ही किकरची दुखरी ठिकाणे आहेत आणि ती विश्रांतीनेच सावरतात. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला चाळीस-पन्नास पूर्ण किक एवढे वाढत्या वयाच्या मुलाला पुरे, असे माझे मत झाले आहे. उरलेल्या दिवशी पावले मोजावीत, चेंडूशिवाय पाय फिरवावा, पोटाचे, कमरेचे आणि एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत.

खांब, टी आणि वही

हायस्कूलात दोन खांबांमधले अंतर २३ फूट ४ इंच असते, तर कॉलेजात आणि एनएफएलमध्ये ते १८ फूट ६ इंच होते. आडवी दांडी सगळीकडे १० फुटांवरच असते. हायस्कूलातल्या फील्ड गोलसाठी दोन इंचांपर्यंतची टी (चेंडू ठेवायची छोटी बैठक) वापरता येते. कॉलेजात ती १९८९ पासून बंद आहे आणि एनएफएलमध्येही चालत नाही. ज्याला पुढे जायचे आहे त्याने दहावीपासूनच टी सोडून जमिनीवरून किक मारायला शिकावे, आणि शाळेच्या आडव्या दांडीवर दोन्ही खांबांपासून २ फूट ५ इंच आत रंगीत फीत बांधून तेवढीच जागा खरी मानावी. शाळेच्या निकालपत्रकात ‘चांगली’ म्हणून लिहिलेली किक या फितीच्या बाहेरून गेली असेल, तर आपल्या वहीत ती ‘चुकली’ म्हणून लिहावी.

ही वही फार महत्त्वाची आहे. प्रत्येक किकेसमोर अंतर, मैदानाच्या डाव्या रेघेवरून की उजव्या, वारा कुठून, चेंडू कुठे गेला आणि चुकला असेल तर डावीकडे, उजवीकडे की बुटका, एवढे लिहिले तर दोन महिन्यांत खेळाडूचे खरे चित्र समोर येते. कॉलेजात मैदानावरच्या आतल्या दोन तुटक रेघांमधले अंतर ४० फूट असते आणि एनएफएलमध्ये खांबांइतकेच, म्हणजे १८ फूट ६ इंच. त्यामुळे कॉलेजच्या किकरला कोन अवघड मिळतो. मधोमध चेंडू ठेवून केलेला सराव दिसायला छान दिसतो, पण उपयोगाचा नसतो.

थंडीचा सराव चुकवू नये. गार हवा घट्ट असते, गार चेंडू कमी उसळतो, आणि सप्टेंबरात ५० यार्डांवरून जाणारी किक डिसेंबरात दांडीच्या खाली पडते. उलट डेन्व्हरसारख्या मैलभर उंचीवरच्या शहरात हवा विरळ असल्याने चेंडू लांब जातो. मॅट प्रेटर यांनी २०१३ मध्ये ६४ यार्डांचा तेव्हाचा विक्रम तिथेच केला. पुढे २०२१ मध्ये जस्टिन टकर यांची डेट्रॉइटमधली ६६ यार्डांची किक दांडीवर आपटून पलीकडे गेली, आणि २०२५ मध्ये कॅम लिटल यांनी तो पल्ला ६८ यार्डांवर नेला. हे आकडे वाचून मुले लगेच ६० यार्डांवर चेंडू मांडतात. त्यांना समजावून मागे आणावे. कॉलेजचा प्रशिक्षक आधी ४० यार्डांच्या आतले सगळे चेंडू आत जातात का ते बघतो.

तिघांचे काम

फील्ड गोल एकट्याचा नसतो. लाँग स्नॅपर दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो, होल्डर तो झेलून जमिनीवर उभा धरतो आणि किकर मारतो. स्नॅपपासून किकेपर्यंत सारे मिळून सुमारे १.३ सेकंदांत उरकावे लागते, नाहीतर समोरच्या खेळाडूचा हात चेंडूपर्यंत पोहोचतो. चेंडूच्या शिवणीवरच्या लेस खांबांच्या दिशेने असाव्यात, कारण त्या पायाला लागल्या किंवा बाजूला राहिल्या तर चेंडू भरकटतो. कसलेला स्नॅपर चेंडूचे फेरे असे ठरवतो की होल्डरच्या हातात येतानाच लेस योग्य बाजूला असतात. मी स्वतः धरत असताना गार चेंडूवर माझी बोटे सरकत, लेस अर्ध्या फिरत, आणि मुलगा काही न बोलता पुन्हा तीन पावले मागे जाई. शाळेत या दोघांशी मैत्री करावी, त्यांच्याबरोबर सराव संपल्यानंतर वीस मिनिटे थांबावे, आणि किक चुकली तर त्यांच्याकडे बोट दाखवू नये. प्रशिक्षक हे वागणे बारकाईने बघत असतात.

कॉलेजचा दरवाजा

किकरला शिष्यवृत्ती देऊन घेणारी कॉलेजे थोडी आहेत. अनेकजण आधी ‘वॉक-ऑन’ म्हणून, म्हणजे शिष्यवृत्तीविना, संघात शिरतात आणि जागा मिळवल्यावर शिष्यवृत्ती मिळवतात. फीचा हिशेब करताना घरच्यांनी हे धरून चालावे. आयव्ही लीगची विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, पण उत्तम गुण असलेल्या मुलाला किकिंगमुळे तिथे दार किलकिले होऊ शकते, आणि गोगोलाक त्याच वाटेने आले होते. वरच्या दोन विभागांत खेळण्यासाठी एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेने ठरवलेले हायस्कूलचे १६ मुख्य विषय पूर्ण असावे लागतात, तेव्हा नववीतच समुपदेशकाकडे बसून विषयांची यादी पक्की करावी.

कॉलेजांना पाठवायच्या चित्रफितीत गाणी, चमकदार अक्षरे आणि तुकडे जोडलेले दृश्य नसावे. एकदा मागून आणि एकदा बाजूने, न कापता सलग दहा किक, त्यांतली एखादी चुकलेली असली तरी तशीच, आणि प्रत्येकीचे अंतर सांगणारा आवाज, एवढे पुरते. उन्हाळ्यात कोल्स, ख्रिस सेलर अशांची किकिंग शिबिरे असतात आणि तिथल्या क्रमवारीकडे कॉलेजे बघतात. मात्र एका वर्षात पाच-सहा शिबिरांवर पैसे घालण्यापेक्षा एक-दोन शिबिरे आणि ज्या कॉलेजांत खरोखर जायचे आहे त्यांची स्वतःची शिबिरे निवडावीत.

प्रशिक्षक निवडताना त्याने स्वतः किती लांब किक मारली हे विचारू नये, त्याला दोष दिसतो का हे बघावे. एनएफएलमध्ये सर्वाधिक २,६७३ गुण आणि ५९९ फील्ड गोल नावावर असलेले ॲडम विनाटिएरी साउथ डकोटा स्टेटमधून बाहेर पडले तेव्हा त्यांना कुणी निवडले नव्हते. ते व्हर्जिनियातल्या डग ब्लेव्हिन्स यांच्याकडे शिकायला गेले. ब्लेव्हिन्स यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती आणि ते चाकाची खुर्ची वापरत. त्यांनी निरीक्षणातून ही विद्या कमावली होती आणि त्यांच्या शिष्याने पुढे जानेवारी २००२ मध्ये फॉक्सबरोच्या भर हिमवर्षावात ४५ यार्डांवरून सामना वाचवणारी किक मारली.

व्यावसायिक पातळीवर

एनएफएलच्या सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत) वर्षाला मोजकेच किकर निवडले जातात आणि निवड झाली म्हणजे जागा पक्की असे मुळीच नाही. २०१६ मध्ये टॅम्पा बेने रॉबर्टो अग्वायो यांना दुसऱ्या फेरीत घेतले, जे किकरच्या बाबतीत फार विरळ आहे, आणि पुढच्याच वर्षी हंगाम सुरू होण्याआधी सोडून दिले. जस्टिन टकर यांना २०१२ मध्ये कुणीच ड्राफ्टमध्ये घेतले नव्हते. हॅरिसन बटकर यांना २०१७ मध्ये कॅरोलायनाने सातव्या फेरीत घेतले, पण त्यांना जागा मिळाली ती कॅन्सस सिटीमध्ये, तिथला किकर जखमी झाल्यावर. म्हणून ड्राफ्टचा दिवस घरात पाहुणे बोलावून साजरा करण्याऐवजी कोणत्या संघाचा किकर वयस्कर आहे, कुणाचा करार संपत आला आहे, याची माहिती एजंटबरोबर बसून काढावी.

मधल्या वर्षांसाठी युएफएल ही वसंत ऋतूतली लीग आणि कॅनडाची सीएफएल आहे. ब्रँडन ऑब्री यांचे उदाहरण मी प्रत्येक मराठी पालकाला सांगतो. ते नोत्र दामकडून सॉकर खेळले, २०१७ मध्ये एमएलएस या सॉकर लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निवडले गेले, तिथे जम बसला नाही तेव्हा सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून नोकरी करू लागले, आणि नोकरी सांभाळून किक शिकले. युएसएफएल या तेव्हाच्या वसंत ऋतूतल्या लीगमध्ये बर्मिंगहॅमकडून दोन हंगाम खेळल्यावर २०२३ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, डॅलसने त्यांना घेतले. पहिल्याच सामन्यात, आमच्या घरापासून तासाभराच्या आत असलेल्या ईस्ट रदरफर्डच्या मैदानावर, त्यांचा एक एक्स्ट्रा पॉइंट चुकला. त्यानंतर त्यांनी कारकिर्दीतले पहिले ३५ फील्ड गोल सलग आत घातले. पदवी आणि नोकरी हाताशी असल्यामुळे त्यांना वाट बघता आली. भारतात वाढणाऱ्या मुलासाठी मार्ग याहून अरुंद आहे, पण एनएफएलची परदेशी खेळाडूंसाठीची इंटरनॅशनल प्लेअर पाथवे योजना २०१७ पासून चालू आहे, आणि तिच्यातून आयर्लंडमधला गेलिक फुटबॉलचा गोलरक्षक चार्ली स्मिथ २०२४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या संघात दाखल झाला.

पैशांचा हिशेब स्पष्ट असावा. २०२५ च्या हंगामात एनएफएलमधल्या नव्या खेळाडूचे किमान वार्षिक वेतन ८,४०,००० डॉलर होते आणि बटकर यांचा २०२४ मधला करार चार वर्षांसाठी २.५६ कोटी डॉलरचा होता. परंतु किमान वेतनाच्या करारात हमीची रक्कम नगण्य असते, संघाने मंगळवारी सोडले तर पुढच्या आठवड्याचा पगार येत नाही, आणि निवृत्तिवेतनासाठी तीन हंगाम पदरी पडावे लागतात. पहिल्या वर्षाच्या पैशातून घर घेऊ नये.

चुकल्यानंतर

जानेवारी १९९१ च्या सुपर बोलमध्ये (एनएफएलच्या अंतिम सामन्यात) स्कॉट नॉरवूड यांची ४७ यार्डांची किक शेवटच्या क्षणी खांबाच्या उजवीकडून गेली आणि बफेलोचा संघ १९–२० असा हरला. संघ परतल्यावर शहराच्या चौकात जमलेल्या लोकांनी त्यांच्याच नावाचा घोष करून त्यांना पुढे बोलावले. असे प्रेम सगळ्यांना मिळत नाही, म्हणून चुकल्यानंतर काय करायचे याचाही सराव हवा. आमच्या मुलाने ठरवलेला क्रम साधा आहे: बाकाकडे येताना कारण एका शब्दात स्नॅपर आणि होल्डरला सांगायचे, जाळीत तीनच किक मारायच्या, पाणी प्यायचे आणि पुढच्या किकेपर्यंत तो विषय काढायचा नाही. आम्हीही गाडीत बसल्यावर तो काढत नाही.

संघाबाहेर असलेल्या किकरला हंगामात फोन बहुधा सोमवारी येतो आणि चाचणी मंगळवारी असते. मैदानावर दोन-तीन जण असतात, ओळख नसलेला होल्डर असतो, आणि पंधरा-वीस किकांत निर्णय होतो. म्हणून सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत एक पिशवी भरलेली ठेवावी: पायात रुळलेले बूट, त्याच मापाचा दुसरा जोड, ओल्या गवतासाठी लांब खिळे, किकऑफची टी आणि ओळखपत्र. बूट विमानात हातातल्या सामानात न्यावेत, कारण सामान दुसऱ्या शहरात गेले तरी मंगळवारची वेळ बदलत नाही. रविवारी फार किक मारू नयेत. सोमवारी फोन आलाच, तर पाय ताजे असले पाहिजेत.